शेवटचा सीझन संपला! सीनियर खेळाडू मुलांचं पुढे काय?

पायवाट | १७ नोव्हेंबर

लेक यंदा इथे अमेरिकेत हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला, म्हणजे सीनियर. क्रॉस-कंट्रीचा हायस्कूलचा शेवटचा सीझन सेक्शन फायनलला संपला, स्टेट मीट (राज्यपातळीची शर्यत) दोन पॉइंटांनी हुकली. घरात अजून सुतक आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका शाळेच्या सात मुली ५ किलोमीटर धावतात. त्यातल्या पहिल्या पाचजणींचे नंबर मिळवायचे, ज्या टीमची बेरीज सगळ्यांत कमी ती जिंकली. म्हणजे पहिली आलेल्या पोरीचा एक पॉइंट, आणि पाचवी पोर जर चाळिसावी आली तर तिचे चाळीस. टाळ्या पहिलीला मिळतात, पण टीम वर जाणार की खाली हे बहुतेक वेळा पाचवी ठरवते. आमची लेक ही पाचवी. सगळे आईबाप फिनिश लाइनला उभे असतात, मी मात्र शेवटच्या वळणावर उभी राहून हिच्या मागून कोण येतंय तेच बघत आले.

आता प्रश्न. पूर्वेकडच्या एका छोट्या डी-३ (कॉलेज खेळांची संघटना एनसीएएची तिसरी श्रेणी) कॉलेजचा कोच म्हणतोय, ईडी-२ ला (बंधनकारक अर्ली डिसिजनची दुसरी फेरी) अर्ज टाक, मी ॲडमिशन ऑफिसकडे तुझ्यासाठी शब्द टाकतो. हिचा ५ किमीचा सर्वोत्तम टाइम १९:४०. दुसरीकडे आमची स्टेट युनिव्हर्सिटी: इन-स्टेट फी, हिच्या विषयाला चांगलं नाव, पण तिथली टीम डी-१, सगळ्यांत वरची श्रेणी, म्हणजे तिथे हिला कोणी दारात उभं करणार नाही. नवरा म्हणतो स्टेट. लेक म्हणते "मला टीम हवीय". कॉलेजबद्दल ती एवढंच बोलते, टीमबद्दल मात्र तासभर.

आणि भारतातल्या नातेवाइकांत बातमी गेलीय की हिला स्पोर्ट्स स्कॉलरशिप मिळाली! कोणी पसरवली विचारू नका, सासूबाई हा धागा वाचत नाहीत म्हणून लिहितेय.

ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी कृपया लिहा.

रानजाई | १७ नोव्हेंबर

आधी अभिनंदन. दोन पॉइंट म्हणजे जिवाला लागणारच.

आमचा मुलगा डी-३ ला पोहतो, तिसऱ्या वर्षाला आहे. पहिली गोष्ट, डी-३ मध्ये खेळासाठी दमडी देत नाहीत, नियमच आहे तसा. जी मदत मिळते ती मार्कांवरची मेरिट किंवा घरच्या उत्पन्नावर ठरणारी. आयव्ही लीगच्या आठही कॉलेजांतही खेळासाठी काही देत नाहीत. तेव्हा नातेवाइकांना आत्ताच सांगून टाका, पुढे खुलासे करत बसावं लागतं.

दुसरं, "शब्द टाकतो" याचा नेमका अर्थ काढून घ्या. प्रश्न लेकीने स्वतः विचारायचे. आईबाबांचा फोन आला की कोच लोक सावध होतात. प्री-रीड झालंय का, म्हणजे ॲडमिशन ऑफिसने तिची ट्रान्सक्रिप्ट आधी पाहून मान डोलावलीय का? यंदा हा कोच किती मुलींना पाठिंबा देतोय आणि त्यात हिचा नंबर कितवा? आणि गेल्या दोन-तीन वर्षांत त्याने पाठिंबा दिलेल्यांपैकी कितीजणींना नकार आला? या शेवटच्या प्रश्नाला सरळ आकडा आला तर कोच पक्का. "प्रत्येक केस वेगळी असते" असं काही आलं तर समजून जा. प्री-रीड साधारणपणे अकरावी संपल्यावर जुलैपासून होतात, त्यामुळे नोव्हेंबरात अजून झालं नसेल तर ते का, हेही विचारा.

ईडी बंधनकारक असतं हे माहीत असेलच. मिळालं की बाकी सगळे अर्ज मागे घ्यायचे. त्यातून सुटायचं तर "मदत पुरेशी नाही" एवढीच वाट उरते. त्यामुळे कॉलेजच्या साइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर अर्ज भरायच्या आधी चालवा.

आणि लेकीला एकच विचारा: तिथे गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात पाय मोडला, वर्षभर पळता आलं नाही, तर त्या कॉलेजात राहशील का? आमच्याकडे कौन्सेलरने हे विचारलं होतं. मुलगा दोन दिवस गप्प होता, आणि मग यादीतली दोन कॉलेजं त्याने स्वतःच खोडली.

हिशेबनीस | १८ नोव्हेंबर

थोडे आकडे, म्हणजे चित्र स्पष्ट होईल.

हायस्कूलच्या खेळांतल्या नोंदी २०२३-२४ मध्ये पहिल्यांदा ८० लाखांच्या वर गेल्या. (मुद्दाम "मुलं" म्हणत नाही, कारण एक पोर फॉलला सॉकर आणि वसंतात ट्रॅक करत असेल तर दोनदा मोजली जाते.) यातले साधारण ७ टक्के पुढे एनसीएएच्या तिन्ही डिव्हिजन मिळून कुठे ना कुठे खेळतात. खेळाची स्कॉलरशिप मिळणारे साधारण २ टक्के. आणि "स्कॉलरशिप" म्हटलं की लोकांना पूर्ण फी माफ वाटते, तसं बहुतेक खेळांत नव्हतंच. परवापरवापर्यंत डी-१ मध्ये मुलांच्या ट्रॅक आणि क्रॉस-कंट्रीला मिळून १२.६ स्कॉलरशिप होत्या, मुलींच्या १८. त्या कोचने तीस-चाळीस जणांत तुकडे करून वाटायच्या.

जून २०२५ मध्ये कोर्टाने खेळाडूंनी एनसीएएवर घातलेल्या दाव्यातली मोठी तडजोड मंजूर केली आणि हा हिशेब बदलला. ज्या कॉलेजांनी ती स्वीकारली तिथे स्कॉलरशिपची मर्यादा गेली, त्याजागी टीममध्ये किती जण ठेवायचे याची मर्यादा आली: क्रॉस-कंट्री १७, ट्रॅक ४५, फुटबॉल १०५. ऐकायला उदार वाटतं. पण पूर्वी स्कॉलरशिप नसलेली, नुसती हौसेने आलेली वॉक-ऑन मुलं टीममध्ये मावायची, ती आता मावत नाहीत. वर ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे खेळाडूंना एका कॉलेजातून दुसऱ्यात जायची सोय. कोचला अठरा वर्षांची कच्ची पोर घडवत बसण्यापेक्षा दुसऱ्या कॉलेजात दोन वर्षं पळून तयार झालेली एकवीस वर्षांची परवडते. यंदाच्या सीनियर मुलांना दोन्ही बाजूंनी मार बसलाय.

थोडक्यात, तुमच्या स्टेट युनिव्हर्सिटीच्या टीमचा विषय लेकीने सोडला असेल तर बरोबर सोडलाय.

अटकमटक | १८ नोव्हेंबर

स्पष्ट लिहितो, राग नसावा. चार वर्षं रोज दोन-अडीच तास सराव, सगळे शनिवार मीटला, उन्हाळ्यात पण टीमचं पळणं. हाती काय लागलं? ना स्कॉलरशिप, ना स्टेट मेडल, ना ॲडमिशनची खात्री. एवढा वेळ मॅथ किंवा रिसर्चला दिला असता तर आज हा धागा काढावा लागला नसता. आपली मुलं खेळात जात नाहीत अशी बोंब मारणारे आपणच, पण सगळीच काही कॉलेजात खेळणार नसतात. मग कुठे थांबायचं हे आईबापांनी वेळेवर बघायला नको का?

पायवाट | १८ नोव्हेंबर

अटकमटक, राग नाही. पण ती मेडल मिळावं म्हणून पळतच नव्हती, तर "हाती काय लागलं" याचा हिशेब कोणत्या वहीत मांडू?

रानजाई, प्रश्न लिहून दिले लेकीला. तिने "हे मी कसं विचारू" म्हणत फोन बाजूला ठेवलाय. विचारेल.

खडूफळा | १९ नोव्हेंबर

मी पब्लिक हायस्कूलमध्ये सायन्स शिकवतो आणि क्रॉस-कंट्रीचा असिस्टंट कोच आहे. मानधन इतकं की मीटला जाण्यायेण्याचं पेट्रोल भागलं तरी खूप झालं. अटकमटक यांचा प्रश्न दर बँक्वेटला (सीझनअखेरच्या जेवणाला) कोणी ना कोणी बाप मला बाजूला घेऊन विचारतो, म्हणून जरा मोठं लिहितो.

खेळाने चारित्र्य घडतं वगैरे भाषणं मीही ठोकतो, माइक हातात आला की तोंडातून तेच येतं. पण त्यात फारसा अर्थ नाही. खेळणारी मुलंही कॉपी करताना पकडलीत मी. जे मला दिसतं ते वेगळंच आहे आणि लहान आहे.

ऑगस्टमध्ये नववीची पोरं येतात. त्यांतल्या निम्म्यांना दोन मैल सलग पळता येत नाही. टीममध्ये सगळ्यांना घेतो आम्ही, कट नाही. पहिल्या आठवड्यात कोणी ओकतं, कोणी रडतं, कोणी आईला फोन करून "मला घ्यायला ये" म्हणतं. कोच पुढच्या घोळक्याबरोबर असतो, मागे काय चाललंय ते कोचला दिसत नाही. मागे सीनियर असतात, आणि बहुधा पहिल्या नंबरच्या नसतात, कारण पहिल्या नंबरच्यांना आपला वेग सांभाळायचा असतो. मागे थांबतात त्या चौथ्या, पाचव्या, सहाव्या, सातव्या नंबरच्या मुली. "पुढच्या खांबापर्यंत पळू, मग चालू" हे वाक्य मी एकाही कोचिंग क्लिनिकमध्ये ऐकलेलं नाही, पण आमच्या टीममध्ये ते दर ऑगस्टला कुठली तरी सीनियर कोणाला तरी सांगत असते. तिलाही नववीत असताना कोणीतरी तेच सांगितलेलं असतं.

मग नोव्हेंबरात या जातात. टीमचा स्कोअर किती खाली येईल हे मी कागदावर मांडू शकतो. पण ताडपत्री कशी गुंडाळायची, तंबूचा कुठला पाय मोडका आहे, कुठल्या मीटला पार्किंगपासून स्टार्टलाइन पाऊण मैल लांब आहे म्हणून लवकर निघायचं, बसमध्ये कोणाला पुढची सीट द्यायची नाहीतर ओकते, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं आणि त्यांच्याबरोबर निघून जातं. आता मी सीझन संपल्यावर सीनियर्सना एक दुपार बसवतो आणि हे दहावी-अकरावीच्या मुलींना सांगायला लावतो. पहिल्यांदा हसतात. मग ताडपत्रीवरून भांडतात.

अभ्यासाचं म्हणाल तर टेक्सासमध्ये १९८४ पासून कायदाच आहे: पास नाही तर खेळ नाही. एका विषयात ७० च्या खाली गेलं की निदान तीन आठवडे मैदान बंद. इतर राज्यांत नियम आपापले, पण किमान ग्रेडची अट बहुतेक ठिकाणी आहे. माझा अनुभव असा की सीझन चालू असताना मुलांचा गृहपाठ वेळेवर येतो आणि सीझन संपला की घसरतो. हातात वेळ जास्त असला की अभ्यास जास्त होतो हा आईबापांचा लाडका समज आहे. त्यामुळे पायवाट, पुढच्या सहा आठवड्यांत ग्रेडवर लक्ष ठेवा, कॉलेजं सीनियर वर्षाचे मार्कही मागवतात आणि फार घसरले तर दिलेली ॲडमिशन काढून घेऊ शकतात.

रानजाई | १९ नोव्हेंबर

खडूफळा, ताडपत्री! आमच्या पोहण्याच्या टीममध्ये लेन लाइन गुंडाळण्यावरून हेच.

घुबड | १९ नोव्हेंबर

रोमात होतो (नुसतं वाचत होतो), आता लिहितोच. अवांतर आहे पण राहवत नाही. आमच्या लेकीच्या शाळेतल्या एक निवृत्त कोच सांगायच्या की त्यांच्या वेळी शाळेत मुलींना टीमच नव्हती, त्या मुलांच्या मागून एकट्याच पळायच्या. टायटल नाइन कायदा आला जून १९७२ मध्ये. त्याच्या आधीच्या शालेय वर्षात हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुली ३ लाखांच्याही आत होत्या, आता ३४ लाखांच्या वर आहेत. ऑलिंपिकचं तर आणखी मजेशीर: १९२८ ला बायका ८०० मीटर पळाल्या, त्या दमलेल्या बघून अधिकाऱ्यांनाच घेरी आली आणि ती शर्यत १९६० पर्यंत बंद. तेव्हा पाचव्या नंबरची मुलगी, तिचा कोच, बस, आणि आईबापांचं "एवढं काय ते पळणं" हे सगळं असणं हेच तसं नवीन आहे. चालू द्या.

बारावाखेळाडू | २० नोव्हेंबर

धाग्यावर आईबाबाच दिसतायत, म्हणून "माजी मुलगा" या नात्याने लिहितो. वय २६. हायस्कूलला सॉकर, व्हार्सिटीत (शाळेच्या मुख्य टीममध्ये) दोन वर्षं, त्यातला बराचसा वेळ बाकावर. आयडी उगाच नाही घेतला.

सीनियर नाइटला आमच्याकडे पद्धत होती की शेवटच्या होम मॅचला सगळे सीनियर स्टार्ट करतात. मी दोन वर्षांत पहिल्यांदा पहिल्या अकरात उतरलो. मॅचआधी एकेका सीनियरला आईबाबांबरोबर मैदानात चालत न्यायचं, अनाउन्सर नाव, पुढचा प्लॅन आणि आवडती आठवण वाचतो. आमच्या आडनावातल्या ळची त्याने जी वाट लावली ती अजून घरात विनोद म्हणून चालते. बाबांनी आदल्या दिवशी त्याला उच्चार लिहूनही दिला होता! मग मॅच सुरू झाली, काही मिनिटांत थ्रो-इन आला, आणि कोचने बोर्ड वर केला. माझा नंबर. बाहेर येताना टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्यांची लाज वाटली, आणि आनंदही झाला, दोन्ही. आईला फक्त आनंद दिसला, बाबांना फक्त लाज. बरेच दिवस दोघांचं त्यावरून वाजत होतं.

मी सोडलं का नाही असं अटकमटक विचारतील. कोणी अडवलं नव्हतं. पण बसमध्ये माझी मागून तिसरी सीट होती, आणि तिथे बसणारे सगळे मला आजही फोन करतात. कॉलेजात मी टीमच्या वाटेलाही गेलो नाही. इंट्राम्युरल (कॉलेजातल्या कॉलेजात हौसेचे सामने) खेळलो, तिथे चक्क गोल केले, कारण समोरचे माझ्याहून वाईट होते. मजा आली, पण ती वेगळी. इंट्राम्युरलला कोणी चुकलं तरी कोणाचं काही बिघडत नाही. पायवाट, तुमची लेक "टीम हवीय" म्हणते तेव्हा तिला बहुधा हेच हवंय: आपण नाही गेलो तर कोणाचं तरी अडेल अशी जागा. ती पळण्यातच मिळेल असं नाही. थिएटरच्या बॅकस्टेजला मिळते, कॉलेजच्या पेपरमध्ये मिळते. पण हे तिला आत्ता सांगू नका, फटके पडतील.

कडूकाढा | २० नोव्हेंबर

डॉक्टर म्हणून दोन गोष्टी, मग निघते.

लांब पळणाऱ्या मुली कॉलेजात गेल्या की आठवड्याचे मैल एकदम वाढतात. त्याआधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन तळाला असू शकतं, आणि टाइम का घसरतोय हे कोणाला कळत नाही. पाळी अनियमित झाली किंवा बंद झाली असेल तर "खेळाडूंचं होतं असं" म्हणून सोडू नका. खर्चाच्या मानाने खाणं कमी पडतंय याची ती खूण असते आणि पुढे हाडांना बारीक चिरा जातात. ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या सगळ्याला मिळून रेड-एस असं नाव दिलं, मुलग्यांनाही होतं. कॉलेजच्या कोचशी बोलताना लेकीने एक प्रश्न जरूर विचारावा: गेल्या वर्षी तुमच्या टीममध्ये किती मुलींना स्ट्रेस फ्रॅक्चर झालं? आणि टीममध्ये वजनं घेतात का? घेत असतील तर मी माझ्या मुलीला पाठवणार नाही.

सॉकर, फुटबॉलवाल्यांनो, डोक्याला मार लागून गरगरल्यावर सीनियर मुलं लपवतात, कारण "शेवटचाच सीझन आहे". वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये पहिला कायदा केला, नंतर सगळ्या राज्यांत आला: शंका आली की त्या दिवशी मैदानाबाहेर, आणि परत यायला लेखी परवानगी. त्या कागदावर सही द्या म्हणून आईबाप माझ्यासमोर हात जोडतात. देत नाही.

अटकमटक | २० नोव्हेंबर

बारावाखेळाडू, छान लिहिलंत. विचारणारच होतो, उत्तर आधीच दिलंत. माझं मत तेवढं बदललं नाही, पण माझा धाकटा जेव्ही (शाळेची दुसऱ्या फळीची टीम) टेनिसमध्ये आहे, त्याला आज "कसं झालं" एवढंच विचारलं, "जिंकलास का" नाही.

पायवाट | २ डिसेंबर

अपडेट. लेकीने कोचशी झूमवर बोलून घेतलं. प्री-रीड झालंय, "पॉझिटिव्ह" आहे. यंदाच्या यादीत हिचा नंबर "टॉप हाफमध्ये". किती नकार आले या प्रश्नावर तो हसला आणि म्हणाला, ॲडमिशन ऑफिसशी आमचं नातं खूप छान आहे. स्ट्रेस फ्रॅक्चरचं मात्र लगेच आणि नीट सांगितलं, वजनं घेत नाहीत म्हणाला. माणूस वाईट वाटला नाही.

नेट प्राइस कॅल्क्युलेटर चालवल्यावर जो आकडा आला तो बघून नवऱ्याने लॅपटॉप बंद केला. आमचं उत्पन्न मदत मिळायला जास्त आणि फी भरायला कमी, अशा अधल्यामधल्या जागी आहे. या धाग्यावर अर्धे लोक तिथेच असतील.

पाय मोडला तर? हा प्रश्न विचारला. "मोडला तरी मी टीमबरोबर बसने जाईन ना" म्हणाली. आता यावर काय बोलायचं.

हिशेबनीस | २ डिसेंबर

ईडी-२ टाकू नका, रेग्युलरला (बंधन नसलेल्या नेहमीच्या फेरीला) टाका. कोचचा पाठिंबा रेग्युलरला पातळ होतो हे खरं, पण तुम्हाला एप्रिलमध्ये दोन्ही कागद शेजारी ठेवून बघता येतील. बंधनात अडकून मग मेरिट किती मिळते याची वाट बघण्यात अर्थ नाही.

रानजाई | ३ डिसेंबर

हिशेबनीसांशी सहमत, फक्त कोचला लेकीने लगेच आणि स्पष्ट कळवावं. त्याची ती जागा दुसऱ्या मुलीला मिळू दे. पुष्कळ मुलं इथे गप्प बसतात आणि कोच जानेवारीपर्यंत लटकतो.

घुबड | ९ फेब्रुवारी

इकडे शाळेत सायनिंग डे (कॉलेजात खेळायला जाणाऱ्यांचा सहीचा समारंभ) झाला. लायब्ररीत टेबल, त्यावर कॉलेजच्या टोप्या, मागे फुगे, फोटो. गंमत अशी की ज्या कागदावर इतकी वर्षं सही व्हायची ते नॅशनल लेटर ऑफ इंटेंट एनसीएएने ऑक्टोबर २०२४ मध्येच रद्द केलं. आता डी-१ वाले आर्थिक मदतीच्या करारावर सही करतात. डी-३ च्या मुलांसाठी एनसीएएचा एक खास समारंभाचा फॉर्म आहे, त्यावर सही केली काय न केली काय, कोणी कोणाला बांधील नाही. तिथेही आईबाबा डोळे पुसत होते. मला वाटलं टोप्या थोड्या जास्तच आहेत, पण ज्यांनी घातल्या ती मुलं खूश होती.

टेबलावर चौघे होते. त्याच वर्गातले पन्नासेक सीनियर खेळाडू जे कुठेच खेळणार नाहीत ते मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांच्यासाठीही एखादं टेबल लावायला हवं असं सुचवलं तर बूस्टर क्लबच्या बाई म्हणाल्या बजेट नाही.

खडूफळा | १० फेब्रुवारी

घुबड, आमच्याकडे गेल्या वर्षीपासून सगळ्या सीनियर्सना बोलावतो. टोपी नाही, प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं. एका रेसलरने "आता मी पोटभर जेवणार" एवढंच सांगितलं. सर्वाधिक टाळ्या त्याला.

पायवाट | १४ मे

धागा वर काढते. बऱ्याच जणांनी विपूत (विचारपुशीत) विचारलं म्हणून.

डी-३ कॉलेजात रेग्युलरला मिळालं, मेरिट आली, पण स्टेटच्या जवळपासही नाही. दोन्ही कागद डायनिंग टेबलवर आठवडाभर पडून होते. शेवटी लेकीनेच स्टेट निवडलं. आनंदाने निवडलं असं खोटं लिहिणार नाही. तिथे रनिंग क्लब आहे, ट्रायआउट नाही, क्लबांच्या आपसात मीट होतात, नॅशनल्सही असतात. तिने त्यांच्या प्रेसिडेंटला मेसेज केला तर त्याने पहिलं उत्तर "तुला गाडी चालवता येते का?" असं पाठवलं. मीटला जायला ड्रायव्हर कमी पडतात म्हणे. तेव्हा जरा हसली.

ट्रॅकच्या कॉन्फरन्स मीट आणि एपी (कॉलेजपातळीच्या विषयांच्या) परीक्षा एकाच आठवड्यात आल्या, ते सगळं आत्ता निस्तरतोय. बँक्वेटला कुठलं पारितोषिक नाही मिळालं. चौथ्या वर्षाची पट्टी मिळाली, ती लेटर जॅकेटला (शाळेच्या खेळाडूंचं जॅकेट) शिवायची की तशीच ठेवायची यावर मायलेकींचं एकमत नाही. जॅकेट महागाचं आहे आणि ती ते पुढे घालणार नाही हे दोघींना माहीत आहे.

सासूबाईंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग एवढी पळत का होती?" अटकमटक, तुम्ही नातेवाईक आहात का आमचे?

अटकमटक | १४ मे

हा हा! नाही, पण सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. लेकीचं अभिनंदन. क्लबची ड्रायव्हर झाली की टीम तिच्यावाचून हलायची नाही, बघा.

नवखी_मी | १५ मे

सगळा धागा वाचून काढला. आमचा मुलगा आठवी संपवून ऑगस्टमध्ये हायस्कूलला जातोय, बेसबॉलचं वेड आहे. कॉलेजात खेळेल की नाही देव जाणे, पण दार बंद होऊ नये म्हणून नववीपासून काय बघायचं? आणि आम्ही अजून एच-१ या नोकरीच्या व्हिसावर आहोत, मुलगा एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर, त्याने काही फरक पडतो का?

खडूफळा | १५ मे

सगळ्यात आधी कोर्सेस. डी-१ आणि डी-२ साठी एनसीएए १६ कोअर कोर्स मागते: इंग्लिश चार वर्षं, मॅथ अल्जिब्रा-१ पासून वर तीन, सायन्स, सोशल वगैरे. त्यातल्या जीपीएची किमान अट डी-१ ला २.३, डी-२ ला २.२. आपल्या मुलांना जीपीए अवघड जात नाही, अडतं ते कोर्सच्या नावावर. शाळेचा प्रत्येक मॅथ किंवा सायन्सचा कोर्स त्यांच्या यादीत असतोच असं नाही, आणि काही ऑनलाइन कोर्स ते धरत नाहीत. शाळेच्या नावाने ती यादी एनसीएएच्या साइटवर शोधता येते, नववीचे विषय निवडतानाच बघा. डी-१ साठी १६ पैकी १० कोर्स बारावी सुरू व्हायच्या आधी झाले पाहिजेत, त्यात सात इंग्लिश-मॅथ-सायन्सचे, आणि त्या सातांचे मार्क नंतर रिपीट करून सुधारता येत नाहीत. एसएटी-एसीटीची अट एनसीएएने २०२३ च्या जानेवारीत काढली, कॉलेजची स्वतःची असेल तर ती वेगळी.

बहुतेक खेळांत डी-१ चे कोच दहावीनंतरच्या १५ जूनपर्यंत मुलाशी थेट भरतीचं बोलू शकत नाहीत, बेसबॉलचं वेळापत्रक थोडं वेगळं आहे ते तपासा. पण त्याआधी कोणी हजारो डॉलर घेऊन "तुमच्या मुलाला रिक्रूट करून देतो" म्हणत असेल तर पैसे खिशातच ठेवा. मुलाला स्वतः चार ओळींची ईमेल लिहिता आली तर ते काम फुकटात होतं.

हिशेबनीस | १६ मे

एच-४ बद्दल. एनसीएएच्या टीममध्ये खेळायला किंवा कॉलेजकडून खेळाची स्कॉलरशिप घ्यायला व्हिसा आडवा येत नाही. आडवं येतं ते दोन ठिकाणी. एफएएफएसए भरून मिळणारी सरकारी मदत एच-४ मुलांना मिळत नाही, त्यामुळे कॉलेज स्वतःच्या खिशातून काय देतं तेवढंच बघायचं. आणि जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, फोटोवर पैसे कमवायची जी मुभा आली, ती एच-४ किंवा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर वापरायला गेलात तर ते अनधिकृत काम ठरू शकतं. वकिलाला विचारल्याशिवाय एका टी-शर्टाच्या जाहिरातीवरही सही करू नका. शिवाय २१ पूर्ण झाले की एच-४ संपतो, म्हणजे कॉलेजच्या मध्येच एफ-१ ला बदलावं लागेल. तो अर्ज सीझनच्या तोंडावर न येता आधी होईल असं बघा.

नवखी_मी | १६ मे

धन्यवाद दोघांनाही. यादीत शाळेचं नाव शोधलं. त्याने निवडलेला मॅथचा कोर्स त्यात नाहीये! उद्याच कौन्सेलरला गाठते.